पुणे : येणाऱ्यांचे गाव



आमच्याकडे इंदापूर तालुक्यात पाटाला पाणी आले, की म्हातारी माणसे म्हणायची, "पुण्यानं सोडलं." आवर्तन लांबले, ऊस वाळायला लागला, की तीच माणसे म्हणायची, "पुण्यानं पिऊन टाकलं." पाणी यायचे खडकवासल्याच्या धरणातून, पण आमच्या लेखी ते पुणेच. तेव्हा पुण्याशी माझी पहिली ओळख झाली ती पाण्यावरून.

पुढे शिकायला म्हणून मी पुण्याला आलो. स्वारगेटला एस.टी.तून उतरलो, तेव्हा एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात वडिलांनी लिहून दिलेला पत्ता. एका गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "खुन्या मुरलीधरापाशी जा आणि तिथं विचार." देवाचे हे नाव ऐकून मी मनातून चरकलोच. पुढे कळले, की या गावात देवांनाही टोपणनावे आहेत. इथे जिलब्या मारुती आहे, पासोड्या विठोबा आहे, उपाशी विठोबाही आहे. पत्ता सांगायचा तो रस्त्याच्या नावाने नव्हे, या देवांच्या खुणेने. खोली मिळाली. घरमालकीण आजींनी मला दारातच सांगितले, "पाणी साडेपाचला येतं, सातला जातं. तेवढं लक्षात ठेव. बाकीचं सगळं मागाहून सांगते."

आज इतक्या वर्षांनी वाटते, की आजींनी मला या शहराचे सार त्या एका वाक्यात सांगितले.

पुणे पाहायला येणारा माणूस शनिवारवाडा पाहतो. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली त्याचा पाया घातला. तो सारसबागेत जातो, पर्वती चढतो, दुकानांवरच्या तिरकस पाट्या वाचून हसतो. हे सगळे पाहावे, जरूर पाहावे. पण पुण्याचे वेगळेपण कशात आहे असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन, हे येणाऱ्यांचे गाव आहे. ज्यांना आपण अस्सल पुणेकर म्हणतो, त्यांची गावे जरा विचारून पाहा. पेशव्यांचे भट घराणे कोकणातल्या श्रीवर्धनचे. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. महर्षी कर्वे मुरूडचे. जोतीराव फुल्यांचे घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे आणि सावित्रीबाई नायगावच्या. अगदी अलीकडे पंडित भीमसेन जोशी आले, ते गदगचे. या माणसांनी पुणे घडवले, आणि मग पुणे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

आता, बाहेरून माणसे कुठल्या शहरात येत नाहीत? सगळीकडेच येतात. पण नव्या माणसाला शहर काय देते, यावरून त्या शहराची पारख होते. आणि देण्याची पहिली वस्तू म्हणजे पाणी.

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळातून ते पाणी शहरात आणले. पेठापेठांतून हौद झाले. पाणी आले म्हणून पेठा वाढल्या, असे म्हटले तर चूक होणार नाही. पण हौदाला पाणी आले, म्हणजे ते सर्वांना मिळाले असे नव्हे. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, त्यांनी हौदाला हात लावायचा नाही, असा तो काळ. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद या लोकांना खुला केला. आपण पुण्यास आलात, तर शनिवारवाड्यावरून तसेच पुढे महात्मा फुले पेठेत जा आणि फुले वाड्यात उभे राहा. शनिवारवाड्याची भिंत केवढी उंच आहे! हा वाडा त्यामानाने अगदी साधा. पण माझ्या मते पुण्यातली मोठी जागा ती.

पाण्यामागून आली विद्या. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. पण नुसते कॉलेज काढून भागत नाही. खेड्यातल्या मुलाला निजायला जागा आणि दोन वेळचे अन्न लागते. एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. मग १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले, १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. अशा संस्थांमुळे किती मुले शिकली, आणि त्यांच्यामागे किती घरे वर आली!

हे शहर एकदा पाण्यात गेलेलेही आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. हजारो पुणेकर एका दिवसात बेघर झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी पेटी-वळकटी घेऊन आपल्याच गावात नवखे झाले. त्यांच्यासाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि जुने पुणे पेठांच्या बाहेर पसरले.

त्यानंतर पिंपरी-चिंचवडकडे कारखाने वाढले, पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. १९५१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत पाच लाखांहून कमी माणसे होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत घेतली गेली. या गावांतली माणसे कुठेही गेली नाहीत. शहरच त्यांच्या दारात आले. मात्र शहर आले तरी नळ आला नाही, म्हणून त्यांतल्या कितीतरी वस्त्या टँकरची वाट पाहत असतात.

इथे मला मन मोकळे करून बोलले पाहिजे. मी आता पुण्यात राहतो, खडकवासल्याचे पाणी पितो. माझा धाकटा भाऊ गावी शेती करतो आणि त्याच पाण्याच्या आवर्तनाची वाट पाहतो. बरे, आम्ही वापरलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते आणि उजनीच्या जलाशयात जाते. ते सगळेच शुद्ध होऊन जात नाही. म्हणजे एकाच तालुक्याला पुण्याचे धरण चांगले पाणी देते आणि पुण्याची नदी घाण पाणी देते. मागे सुटीत भाऊ म्हणाला, "दादा, तुमच्या शहराला येणारा माणूस दिसतो. पाणी जिथं जातं तिथला दिसत नाही." मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

पण एक दृश्य मला धीर देते. आषाढवारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. एक भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात उतरते, दुसरी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी. लाखो खेडूत शहरात येतात. त्या दोन दिवसांत शाळांचे वर्ग, वाड्यांची अंगणे, दुकानांच्या ओसऱ्या उघडतात. कोणी भाकरी देतो, कोणी पाय चेपतो, कोणी नुसता पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहतो. "तू कुठला?" असे कोणी विचारत नाही. तीच तुकोबांची पालखी पाच-सहा मुक्कामांनी आमच्या तालुक्यात येते. वर्षातून दोन दिवस जे जमते, ते बाकीच्या दिवसांतही काही अंशी जमायला काय हरकत आहे?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक विनंती. आपला विद्यार्थी पुण्याला यायचा असेल, तर त्याला भिववू नका आणि भुलवूही नका. कॉलेजच्या प्रवेशाआधी वसतिगृहाचा अर्ज भरायला सांगा. खोली घेताना पैशांची पावती घ्यायला सांगा. स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासिकांत वर्षांमागून वर्षे घालवणारी मुले मी रोज पाहतो. तेव्हा त्याला मुदत ठरवून पाठवा, आणि परत यावे लागले तर त्यात कमीपणा नाही हेही सांगा. आणि हे जरूर सांगा, की बाबा, पुण्यात तू उपरा नाहीस. तिथे सगळेच कधी ना कधी पेटी घेऊन आलेले आहेत. उद्या तुझ्या दारात कोणी पेटी घेऊन उभा राहिला, तर त्याला आधी पाण्याची वेळ सांग.