बातमीत माणसाचं गाव आलं पाहिजे

(कोळवण, ता. मुळशी, जि. पुणे येथील बैठकीत केलेले भाषण)



कोळवणचं हे खोरं भाताचं. इथं कापूस होत नाही. मग कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू गावांतल्या माणसांनी इथल्या बैठकीत काय ऐकायचं? ऐकायचं ते असं, की आपल्या गावातून उठलेला माणूस पुण्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा याच तालुक्यात येऊन पोचतो. हिंजवडीच्या उंच इमारती मुळशी तालुक्यातच उभ्या राहिल्या. त्या उभ्या करणाऱ्यांत मराठवाड्यातले हात आहेत, तसे बिहार-झारखंडचेही आहेत. मुळशीच्या शेतकऱ्यानं जमीन विकली आणि तिकडच्या शेतकऱ्यानं गाव सोडलं. दोघंही शेती परवडेना म्हणूनच या रस्त्याला लागले. पण या दोघांची एकमेकांशी ओळख कोण करून देतं? वर्तमानपत्राचं तालुक्याचं पान, आणि आता हातातला मोबाइल.

ती ओळख कशी होते बघा. बाहेरचा मजूर बातमीत आला की 'परप्रांतीय' होतो. पारध्याचं नाव आलं की 'टोळी' हा शब्द आपोआप चिकटतो. मुळशीकर तरी सुटला का? २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमा आला. जमीन गेलेल्या घरातल्या पोराचं काय होतं, हे त्यात होतं. मथळे लिहिणाऱ्यांनी त्यातली जमीन टाकून दिली आणि कोयता तेवढा उचलला. आता कुठंही खून पडला की 'मुळशी पॅटर्न'! ज्या तालुक्यानं १९२१ साली सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याची ही ओळख.

कोणी म्हणेल, शब्दच आहेत, शब्दानं काय होतं? शब्दानं माणसं मरतात. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवड्याच्या बाजारचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाला सापडले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ते बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या मालदांडीचं नाव तुम्हाआम्हाला पाठ आहे. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत हिंडणारी ही माणसं. त्यांना मारणारे कोण? तेही कोरडवाहू आदिवासी पट्ट्यातले गरीबच. गरिबानं गरिबाला मारलं, कारण समोरचा कोण हे त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. जे सांगितलं गेलं ते खोटं होतं.

आता दुसरी बातमी आठवा. ८ मे २०२०, टाळेबंदी. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर रुळाच्या कडेनं पायी गावाकडे निघालेले. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले आणि पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. पण त्या दिवशी रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो छापून आला. मजूर मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, हेही छापून आलं.  मराठवाड्यातल्या बाईला वाटलं, अरे, माझा पोरगाही फडक्यात अशाच भाकरी बांधून गेला होता. परका तोच, रोजगाराची वाटही तीच. बातमीत गाव आलं, भूक आली, आणि परका माणूस आपला झाला.

पहिल्या तऱ्हेची बातमीच जास्त का येते? बातमीदार वाईट म्हणून नव्हे. तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार असा नसतो. थोडं मानधन मिळतं, बाकी पोट भरतं जाहिरातीच्या कमिशनवर. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी मिळाली की त्याचा महिना निघतो. वीटभट्टीवर जाऊन कातकऱ्याला उचल किती दिली, हिशेब किती झाला हे विचारायला त्याला कोणी पैसे देत नाही. पोलिस ठाण्यातून आलेलं पत्रक मात्र फुकट मिळतं. म्हणून मजूर आरोपी झाला की छापून येतो, मजुरी बुडाली की येत नाही.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो. बोंडअळीचं नाव ऐकून फवारणी करू नका, आधी सापळा बघा, असं आम्ही सांगतो. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर औषध घ्या. न बघता मारलेलं औषध पैसा खातं आणि मित्रकीडही मारतं. बातमीचंही तेच. न बघता मारलेला शब्द आपल्याच माणसाला लागतो.

यावर उपाय काय? शहराच्या दैनिकाला शिव्या घालून भागणार नाही. १९१० साली मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' सुरू केला. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून त्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. सत्यशोधक विचाराचं, शेतकऱ्याच्या बाजूचं पत्र खेड्यातून निघू शकतं, हे त्यांनी तेव्हा दाखवलं. वीज नव्हती, फोन नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे आणि त्यातून आपण अफवा पुढं ढकलतो!

म्हणून तीन कामं सांगतो.

पहिलं काम. गावातून कामाला गेलेल्या आणि गावात कामाला आलेल्या माणसांची वही ठेवा. नाव, गाव, काम, ठरलेली मजुरी, मिळालेली मजुरी. ही वही वार्ताहराला दाखवा. त्याला आयती, खरी बातमी मिळेल.

दुसरं. बातमीत कारण नसताना जात किंवा प्रांत लिहिला तर संपादकाला पत्र लिहा. जात-धर्माचा उल्लेख विनाकारण करू नये, असं प्रेस कौन्सिलचे नियमच सांगतात. संपादकानं दाद दिली नाही तर कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत ती छापल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते, तेव्हा कात्रण तारखेसह जपून ठेवा.

तिसरं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत अवघड. मोबाइलवर 'टोळी आली' असा निरोप आला की पुढं पाठवू नका. आधी पोलिस पाटलाला विचारा. अनोळखी माणूस दारात आला तर त्याला गाव विचारा आणि पाणी द्या.

उद्या आपलाच पोरगा परक्या गावात अनोळखी म्हणून उभा असेल. त्याला तिथं कोणत्या शब्दानं ओळखावं असं तुम्हाला वाटतं, त्याच शब्दानं आज इथल्या पाहुण्याला ओळखा. एवढंच सांगायचं होतं.