उंबरठ्याचा मैल



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक लवकर आटोपली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा उकळेपर्यंत एकीनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. बर्फाचा डोंगर होता. त्यावरून पांढऱ्या केसांची एक बाई पायांत लांब पट्ट्या बांधून घसरत खाली येत होती. वळण आलं की एक पाय पुढे टाकायची आणि मागचा गुडघा बर्फाला टेकेल इतका वाकवायची. आमच्यातली एक म्हणाली, "अगं बाई, या वयात!" आम्ही सगळ्या हसलो.

गटातल्या सगळ्यांत मोठ्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला कुणी बस म्हणालं नसेल."

आम्ही गप्प झालो. ते का, हे शेवटी सांगतो. पण त्या दिवसापासून आम्ही या खेळाची माहिती शोधायला लागलो. जी मिळाली ती आज तुम्हाला सांगायची आहे.

बर्फावरून घसरायच्या त्या लांब पट्ट्यांना स्की म्हणतात. आणि गुडघा वाकवून वळायच्या त्या पद्धतीला म्हणतात टेलीमार्क. टेलीमार्क हे नॉर्वे देशातल्या एका भागाचं नाव आहे. तिथल्या मॉर्गेडाल नावाच्या गावात १८२५ साली सोंद्रे नोरहाइम यांचा जन्म झाला. घरची गरिबी, दुसऱ्याच्या जमिनीवर कष्ट. पण स्कीचं वेड भारी. त्या काळी स्की पायाला नीट धरून राहत नसत, उडी मारली की निसटत. सोंद्रे यांनी झाडाच्या लवचिक मुळ्या पिळून टाचेमागून बांध घातला. पाय स्कीला धरून राहिला आणि टाच मात्र वर उचलता येऊ लागली. १८६८ साली राजधानीत, म्हणजे आजच्या ओस्लो शहरात, मोठी स्पर्धा झाली. तिथं सोंद्रे यांनी सगळ्यांना मागे टाकलं. तेव्हा त्यांचं वय होतं ४२. स्पर्धेसाठी ते गावाहून स्कीवरूनच गेले होते, असं सांगतात.

आता या खेळातली मेख ऐका. पुढे विसाव्या शतकात युरोपातल्या आल्प्स डोंगरांतली स्कीची पद्धत सगळीकडे पसरली. त्यात टाच स्कीला घट्ट अडकवलेली असते. तोल सांभाळणं सोपं जातं, वेगही मिळतो. टेलीमार्कमध्ये टाच मोकळी. प्रत्येक वळणाला मांड्यांवर आणि गुडघ्यांवर भार येतो. म्हणजे पद्धत जुनी आणि अवघड. साहजिकच ती मागे पडली. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, क्रेस्टेड ब्यूट या गावच्या तरुणांनी ती पुन्हा उचलून धरली. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली ती पिढी आज सत्तरीत आहे.

मग म्हातारपणी लोकांनी सोपी पद्धत का धरू नये? टेलीमार्कवाल्यांची कारणं साधी आहेत. मोकळ्या टाचेनं सपाट जागी चालता येतं. स्कीच्या तळाला खास पट्टा चिकटवला की मागे न घसरता डोंगरही चढता येतो. आणि त्या वळणांना एक ताल असतो. झिम्म्यात कसा पाय आपोआप पडतो, तसा. तो ताल एकदा अंगात भिनला की सुटत नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही वयस्कर मंडळी विशीतल्यासारखी खेळत नाहीत. ती उताराची जागा सौम्य निवडतात. बर्फ मऊ असेल तेव्हा जातात. आखूड, हलक्या स्की घेतात. गुडघ्याला जाड पट्टे बांधतात. चार वळणं घेतली की थांबतात, थर्मासमधलं काहीतरी गरम पितात, मग पुढची चार. खेळ लहान करतात, बंद करत नाहीत.

नॉर्वेत जन्मलेले हर्मन स्मिथ-योहानसेन पुढे कॅनडात राहिले. त्यांचा खेळ टेलीमार्कचा नव्हे, लांब पल्ल्याच्या स्कीचा. पण टाच तिथंही मोकळीच. वयाची शंभरी ओलांडल्यावरही ते स्कीवर उभे राहत. १९८७ साली गेले तेव्हा १११ वर्षांचे होते.

नॉर्वेच्या भाषेत एक शब्द आहे, त्याचा अर्थ होतो 'उंबरठ्याचा मैल'. घराबाहेर पडायचा कंटाळा येतो ना, त्यासाठी तो वापरतात. म्हणजे सगळ्या वाटेत लांबचा मैल कुठला, तर उंबरठा ओलांडायचा. मैत्रिणींनो, तो मैल आपल्यापेक्षा जास्त कोण चाललंय?

सोंद्रे यांचंच बघा. १८८४ साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, बायकामुलांसह ते अमेरिकेला गेले. शेवटची वर्षं नॉर्थ डकोटा राज्यात काढली. तो सगळा सपाट माळ. डोंगर नाही, उतार नाही. तरी त्यांच्या घराच्या दाराशी स्कीची जोडी कायम उभी असायची, असं सांगतात. १८९७ साली ते तिथंच वारले.

पुढे १९५२ साली ओस्लोला हिवाळी ऑलिंपिक भरलं. त्याची ज्योत मॉर्गेडालला, सोंद्रे यांच्या जुन्या घराच्या चुलीत पेटवली. ती पेटवण्याचा मान कुणाला दिला? त्याच गावच्या उलाव ब्यालान यांना. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोहोचलेल्या पाच जणांपैकी ते एक. ज्योत पेटवली तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती.

हे वाचलं आणि आम्हाला आमचीच लाज वाटली. कारण गेल्या श्रावणात आमच्या गटानं मंगळागौरीचा कार्यक्रम बसवला होता. काकू पहिल्या दिवशी पदर खोचून आल्या. आम्हाला येतात त्यातली निम्मी गाणी त्यांनीच शिकवलेली. आणि आम्ही त्यांना म्हणालो, "काकू, तुम्ही आपल्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवा. पडलाबिडलात तर काय घ्या!" आम्ही प्रेमानंच बोललो. काकू दोन दिवस बसल्या, तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. आम्ही समजलो, त्यांना कंटाळा आला.

परवा आम्ही काकूंच्या घरी गेलो आणि सरळ विचारलं, "या श्रावणात खेळणार का?" त्या म्हणाल्या, "फुगडी नको. गुडघा खरंच दुखतो. झिम्म्याला घ्या. दोन फेऱ्या करीन, तिसरीला बसेन. पण कधी बसायचं ते मी ठरवीन."

आम्ही हो म्हणालो.

मैत्रिणींनो, दुखणं असेल तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, काय झेपेल ते विचारा. पण तुमच्या घरातली सासू, आई, मावशी एके काळी काय आवडीनं करायची, ते एकदा तिला विचारून बघा. पोहणं असेल, भजन असेल, सायकल असेल. आणि ती उठायला लागली तर आधी हात द्या. "बस" म्हणायची घाई करू नका.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.