नाव ठेवण्याआधी विचारायचं

(बारावी झालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात मला दोनच प्रश्न विचारले जायचे. एक, ‘माझ्या मनात आत्ता काय चाललंय, सांग बरं?’ आणि दुसरा, ‘म्हणजे तू पागलों की डॉक्टर होणार का?’ पहिल्याचं उत्तर असं, की मनातलं ओळखायची विद्या कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. दुसऱ्याचं असं, की बी.ए. करून कुणी डॉक्टर होत नाही. मग तीन वर्षं शिकले काय? तेच सांगायला उभी आहे.

मला वाटलं होतं, स्वप्नांचे अर्थ सांगतील, संमोहन शिकवतील. हातात आलं संख्याशास्त्र! मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. गणिताला घाबरून आर्ट्सला आलेल्या आम्ही मुली रडकुंडीला आलो. सोबत प्रात्यक्षिकं आणि त्यांची जर्नल. त्यातला एक प्रयोग मी विसरणार नाही. दोन सारख्याच लांबीच्या रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी रेषा लांब दिसते. पट्टी लावली, दोन्ही सारख्या निघाल्या. पट्टी बाजूला केली, तर दुसरी पुन्हा लांबच! याला म्युलर-लायर भ्रम म्हणतात. खरं माहीत असूनही डोळे फसतात. म्हणून पट्टी लावायची. त्या वेळी मला तो फक्त दहा मार्कांचा प्रयोग वाटला होता.

तिसऱ्या वर्षाला अपसामान्य मानसशास्त्र आलं. आजारांची लक्षणं वाचली की वर्गातल्या प्रत्येकीला प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असं वाटायचं. नंतर आम्ही ते आजार घरच्यांना वाटून टाकले. माझ्या वाटणीला खाला आली.

माझी खाला विड्या वळते. दिवसाला हजार विडी वळणारा तिचा हात. त्या वर्षी तो पाचशेवर आला. बसल्या जागी डुलक्या घ्यायची, कुणाशी बोलायची नाही, लग्नकार्याला यायची नाही. ‘क्या हुआ की, हाथच नहीं चलता,’ एवढंच म्हणायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं लागलंय, कुणाला तरी दाखवा. मी पुस्तक मिटलं आणि तोऱ्यात म्हणाले, ‘अम्मी, हे डिप्रेशन आहे.’ शेजारणींच्या अडाणीपणावर मी छोटंसं भाषणही दिलं.

कॉलेजात मॅडमना मोठ्या अभिमानाने हे सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तू खालाला किती प्रश्न विचारलेस?’

एकही नाही.

मॅडम म्हणाल्या, आधी डॉक्टरकडे न्या, शरीराचं कारण तपासून घ्या. रक्त तपासलं. थायरॉइड निघालं. थायरॉइडचं काम मंदावलं की थकवा येतो, झोप येते, मन उदास होतं. पुस्तकातल्या यादीशी ते हुबेहूब जुळतं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी खालाचा हात पुन्हा चालू लागला.

त्या रात्री मला त्या दोन रेषा आठवल्या. शेजारणी ‘बाहेरचं’ म्हणाल्या, मी ‘डिप्रेशन’ म्हणाले. माझा शब्द इंग्रजी होता, एवढाच फरक. पट्टी त्यांनीही लावली नव्हती आणि मीही नाही.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाने काय बिघडतं? तमिळनाडूतलं एरवाडी आठवा. तिथल्या दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवणारी खासगी निवासं होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेली माणसं पळूच शकली नाहीत. २८ जण गेले. ती माणसं दुष्मनांनी नव्हे, घरच्यांनीच आशेने तिथे आणून सोडली होती. ‘वेडा’ हे नाव एकदा पडलं की पुढे कुणी काही विचारत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी घातली आणि उपचार हा त्याचा हक्क ठरवला. अम्मीने खालासाठी दुआ केली, गोळ्याही वेळेवर दिल्या. त्या दोन्हींत मला कधी भांडण दिसलं नाही. भांडण आहे ते न विचारता नाव ठेवण्याशी.

आता मुलांनो, रोखठोक बोलते. या पदवीवर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावून बसू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पुढचं मान्यताप्राप्त शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एम.बी.बी.एस.पासून वाट सुरू होते. प्रवेश घेण्याआधी हे घरी नीट सांगा, म्हणजे नंतर अब्बांचा अपेक्षाभंग होणार नाही.

पण पुढे काहीही झालात, तरी हे तीन वर्षांचं शिक्षण वाया जात नाही. प्रयोगाआधी समोरच्याची संमती घ्यायची, त्याने सांगितलेलं चार जणांत बोलायचं नाही, आणि आपल्या झेपेपलीकडचं असेल तर योग्य माणसाकडे पाठवायचं, एवढं अंगी बाणतं. आपल्या मोहल्ल्यात या तीन गोष्टींची किती गरज आहे, हे मी सांगायला नको. आणि ज्यांच्या घरी आज कुणी गप्प गप्प झालंय, त्यांनी एक नंबर लिहून घ्या: १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा. मोफत आहे, दिवसरात्र चालते.

हल्ली मोहल्ल्यातल्या बायका मला विचारतात, ‘अमकीला काय झालंय, तू तर शिकलीस?’ मी म्हणते, ‘मला माहीत नाही. चला, तिलाच विचारूया.’