पाण्याचा जमाखर्च

युगांडातील व्हॅनेसा नकाटे ही व्यापारशास्त्राची पदवीधर तरुणी २०१९ साली हवामानबदलाविरुद्ध कंपालाच्या रस्त्यावर फलक घेऊन उभी राहिली. पुढे तिने खेड्यांतल्या शाळांत सूर्यशक्तीची वीज आणली. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे पोपटराव पवारही असेच, एम. कॉम. झालेले. १९८९ साली ते सरपंच झाले आणि पुढे गावाने हिशेब मांडला, तो पाण्याचा! पाऊस किती पडला ते पाहायचे, आधी माणसांचे, मग गुरांचे पाणी राखायचे. उरेल त्यावर ग्रामसभेने पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. का? तर गाठीला पैसा असलेला खोल जातो अन् शेजाऱ्याची विहीर आटते. गुरुजी, वजाबाकीच्या तासाला हे उदाहरण घालून पाहा.