पावती, पट्टी आणि पासबुक

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. पालक व विद्यार्थी यांच्या उपयोगासाठी स्मरणिकेत देत आहोत.)





शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर आयकराचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आयकर हा व्यापाऱ्यांचा आणि मोठ्या पगारदारांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असेच आपण समजतो. परंतु मी आज करासंबंधी कमी आणि हिशेबासंबंधी जास्त बोलणार आहे. घरचा हिशेब नीट नसेल तर त्याची पहिली झळ शिकणाऱ्या मुलाला बसते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आपण मंगळवेढ्याचे रहिवासी. दामाजीपंतांची कथा आपल्या गावातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते, मग तो कोणत्याही घरचा असो. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली. पुढे त्या धान्याची किंमत विठूने बिदरला जाऊन भरली, असे कथा सांगते. लहानपणी मला त्यातील चमत्कार आवडे. हिशेबाच्या धंद्यात आल्यावर मात्र दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. विठूने रक्कम भरली आणि बादशहाकडून पावती घेतली! ज्या गावाच्या कथेत देवसुद्धा पावती घेतल्याशिवाय परतत नाही, त्या गावातील आपण माणसे वर्षानुवर्षे कागदाविना व्यवहार करतो, हे बरे नव्हे.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्या तालुक्यात एकाच मिळकतीवर चालणारे घर क्वचितच सापडते. वडील शाळेत नोकरीला. चार एकर काळी जमीन बटईने दिलेली, त्यात रब्बीची मालदांडी ज्वारी. पेठेत वडिलोपार्जित दुकानाचा गाळा, त्याचे भाडे. आई घरी शिलाईकाम करते. थोरली मुलगी शिकवण्या घेते. दारात दोन म्हशी. आणि एक चुलता आखाती देशात नोकरीला, तो अधूनमधून पैसे पाठवितो. यात लाजण्यासारखे काहीच नाही. पाच ठिकाणी कष्ट करून घर चालते, ही तर अभिमानाची गोष्ट. अडचण एवढीच की हे सारे पैसे एकाच पासबुकात जमा होतात, आणि वर्षअखेरीस कोणता रुपया कोठून आला हे घरातील कोणालाच सांगता येत नाही.

कायद्याला मात्र तेच हवे असते. पगार, घरभाडे, धंदा किंवा व्यवसाय, मालमत्ता विकून झालेला नफा आणि व्याजासारखे इतर उत्पन्न असे पाच कप्पे कायद्याने केले आहेत. शेतीचे उत्पन्न या पाचांच्या बाहेर आहे. घरातील प्रत्येक रुपयाला आपल्या कप्प्यात बसवावयाचे, हेच हिशेबाचे मुख्य काम होय.

प्रथम शेतीचे पाहू. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या ज्वारीवर केंद्र सरकारचा आयकर नाही, हे आपणांस माहीत आहे. कडबा विकला तरी तो शेतीचाच माल. आपली जमीन दुसरा कसतो आणि आपणांस वाटा किंवा खंड मिळतो, तोही शेतीचेच उत्पन्न. परंतु म्हशीचे दूध, कोंबड्या, बकरी ईदसाठी पाळून विकलेले बोकड हे कायद्याने शेतीचे उत्पन्न नाही. दुसऱ्याची ज्वारी विकत घेऊन सोलापूरच्या बाजारात विकली, तर तो व्यापार झाला. शेतीत राबणाऱ्या माणसाला हा भेद विचित्र वाटेल, पण तो आहे.

यापुढची चूक बहुतेक नोकरदार करतात. शेतीवर कर नाही, म्हणून ती विवरणपत्रात लिहावयाचीच नाही, असे ते समजतात. हे खरे नाही. शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांवर गेले, तर नोकरदारांचा साधा एक नंबरचा फॉर्म चालत नाही. पुढच्या नंबरचा भरावा लागतो. शिवाय इतर उत्पन्न करपात्र मर्यादेवर असेल, तर दर ठरविण्यापुरती शेती हिशेबात धरली जाते. उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीप्रमाणे एकाचे पगाराचे करपात्र उत्पन्न १४ लाख आहे आणि शेतीचे २ लाख. नुसत्या १४ लाखांवर कर ९०,००० रुपये. शेती धरल्यावर १६ लाखांवरचा कर १,२०,००० काढावयाचा, त्यातून ४ लाखांची मूळ सूट अधिक शेतीचे २ लाख अशा ६ लाखांवरचा कर १०,००० वजा करावयाचा; उरले १,१०,०००. म्हणजे २०,००० रुपयांचा फरक. त्यावर ४ टक्के उपकर वेगळा. शेती दडविली तर आज हे २०,००० वाचल्यासारखे वाटतात. पण उद्या ज्वारीचे पैसे बँकेत भरल्यावर ते कोठून आले अशी विचारणा झाली, तर आपल्याच ज्वारीचे आपल्याला साक्षीदार सापडत नाहीत. म्हणून आडत्याची पट्टी, बाजार समितीची पावती, सातबारा आणि पीक पाहणीची नोंद जपून ठेवावी. बी-बियाणे, मजुरी, मळणी यांचा खर्चही वहीत लिहावा.

दुसरी गोष्ट गाळ्याच्या भाड्याची. तिच्यात केवळ कर नाही, तर हक्कही गुंतलेला आहे. अब्बा वारले, दोन मुलगे व एक मुलगी मागे राहिली, आई आधीच गेली होती, असे समजा. गाळ्याचे भाडे महिना १०,००० रुपये. वहिवाट अशी की थोरल्या भाईजानच्या खात्यात ते जमा होते आणि त्यांच्याच विवरणपत्रात पूर्ण दाखविले जाते. काही हिंदू कुटुंबे अविभक्त कुटुंब म्हणून स्वतंत्र विवरणपत्र भरतात. ती सोय आपल्याला नाही, कारण आपल्या वारसा कायद्यात प्रत्येक वारसाचा वाटा मृत्यूबरोबरच ठरतो. वर्षाच्या १,२०,००० रुपयांपैकी प्रत्येक मुलाचे ४८,००० आणि मुलीचे २४,०००. ज्याने त्याने आपला वाटा आपल्या नावावर दाखवावयाचा, व त्यातून दुरुस्तीसाठी म्हणून ३० टक्के वजावट प्रत्येकास मिळते.

भगिनींनो, इकडे लक्ष द्या. बहिणीचे २४,००० रुपये भावाच्या विवरणपत्रात गेले, तर भावाला विनाकारण जास्त उत्पन्न दिसते, आणि बहिणीचा वाटा कोणत्याच कागदावर राहत नाही. वीस वर्षांनी गाळा विकावयाची वेळ आली की मग "तुझा काय संबंध?" असा प्रश्न निघतो. हिस्सा दरवर्षी तिच्या खात्यात गेला असेल, तर तो प्रश्न विचारण्याची हिंमतच कोणी करणार नाही.

तिसरी गोष्ट व्याजाची. येथे मी माझीच चूक सांगतो. निवृत्तीनंतर माझी काही रक्कम बँकेत ठेव म्हणून होती. व्याज आपण वापरावयाचे नाही, या भावनेने ते मी काढून गरजूंना देत असे, आणि जे मी खाल्ले नाही ते माझे उत्पन्न कसे, असे समजून विवरणपत्रात लिहीत नसे. एके वर्षी खात्याकडून सूचना आली. बँकेने माझ्या पॅन क्रमांकावर व्याजाचा आकडा कळविलेला होता. थकलेला कर व त्यावरचे व्याज असे दोन्ही भरावे लागले. व्याजाला हात न लावणाऱ्या माणसाला व्याज भरावे लागले, याची माझ्या मित्रांनी पुष्कळ थट्टा केली! तेव्हा पक्के लक्षात ठेवा: खात्यावर जमा झालेले व्याज कायद्याने आपले उत्पन्न आहे. त्याचे पुढे काय करावयाचे हा आपल्या श्रद्धेचा भाग, पण आधी ते दाखविलेच पाहिजे. हा आकडा आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या वार्षिक माहिती विवरणात दिसतो. विवरणपत्र भरण्यापूर्वी तो पाहून घ्यावा.

तीच गोष्ट जकातीची. जकात दिली म्हणून आयकरात आपोआप सूट मिळत नाही. जुनी करपद्धती निवडलेली असेल, घेणारी संस्था त्या सवलतीसाठी नोंदलेली असेल आणि रक्कम २,००० रुपयांपेक्षा जास्त असता ती रोखीने दिलेली नसेल, तरच देणगीची वजावट मिळते. गरीब शेजाऱ्याला दिलेल्या मदतीचे पुण्य मोठे, पण त्याची पावती या जगात चालत नाही.

आखातातून भावाने किंवा मुलाने घरखर्चासाठी पाठविलेली रक्कम ही जवळच्या नातेवाइकाची भेट म्हणून करपात्र नसते. तथापि ती बँकेमार्फत यावी आणि कोणी, केव्हा पाठविली हे सांगता यावे. हातोहात आलेल्या रकमेला नातेही सिद्ध करता येत नाही.

आणखी दोन गैरसमज दूर करतो. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो १९७५ च्या कायद्याचा राज्याचा व्यवसाय कर. तो कापला म्हणजे आयकर भरला असे नव्हे. दुसरा गैरसमज नवीन आहे. बारा लाखांपर्यंत कर नाही, मग विवरणपत्र कशाला? आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो हे खरे. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. कर शून्य असणे वेगळे, आणि कागद नसणे वेगळे.

कागद नसल्याने काय होते ते ऐका. आपल्याच भागातील एका मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. वडिलांचे शिलाईचे दुकान, बटईची जमीन आणि थोडे भाडे. शिक्षणकर्जासाठी तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली गेली. एकही भरलेले नव्हते. घाईघाईने एकाकडून शेवटच्या वर्षाचे भरून घेतले, आणि कर्ज मिळावे म्हणून त्यात उत्पन्न फुगविले. इकडे फी सवलतीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यात आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका होता. दोन्ही कागद एकाच टेबलावर आले. वडील अप्रामाणिक नव्हते. त्यांना स्वतःलाच खरा आकडा माहीत नव्हता. कर्जाचा निर्णय होईपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. तो मुलगा आज दुसरे काही शिकतो आहे, बरा आहे. पण त्या दिवशी बाकावर बसलेल्या बापाचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे माप बिनचूक घेतले होते, स्वतःच्या मिळकतीचे माप घ्यावयाचे तेवढे राहून गेले.

म्हणून जाणकार माणसाची मदत जरूर घ्या. नोकरी, शेती, भाडे, धंदा असे मिश्र उत्पन्न असेल तर सनदी लेखापाल किंवा अनुभवी कर सल्लागार यांची फी हा वाया गेलेला खर्च नव्हे. जमीन किंवा घर विकण्याचा विचार असेल तर सौद्याच्या आधी विचारा, नंतर नव्हे. नगरपालिकेच्या हद्दीतील व दूरच्या खेड्यातील जमिनीला नियम वेगवेगळे आहेत. मात्र "रिफंड काढून देतो, त्यातला हिस्सा मला द्या" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणाऱ्यांविरुद्ध आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. असा मध्यस्थ बाजूला होतो. विवरणपत्रावर नाव आपले असते, आणि जबाबदारीही आपलीच. आपला पासवर्ड त्याच्या वहीत आणि आपला मोबाईल क्रमांक मात्र नोंदलेलाच नाही, अशी स्थिती कधीही ठेवू नका. भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागून घ्या व वाचा.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. तुम्ही येथल्या महाविद्यालयात असा, सोलापूरच्या विद्यापीठात असा की पुण्याला असा, सुट्टीत घरी आल्यावर एक वही घ्या. पहिल्या पानावर घरातील कमावत्या माणसांची नावे, आणि प्रत्येकाला चार रकाने: कोठून आले, केव्हा आले, किती आले, कागद कोणता. ज्वारीची पट्टी, भाड्याची पावती, पगाराचा दाखला, पासबुकाची नक्कल एका फाईलमध्ये लावा. नोकरदारांची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. जूनमध्येच फाईल तयार असावी. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू केला गेला. त्यामुळे कलमांचे आकडे पाठ करण्यात अर्थ नाही. कलमे सल्लागार पाहील. कोणता रुपया कोणाचा व कोठला, हे मात्र फक्त घरातील माणूसच सांगू शकतो. आणि तुमच्यापैकी ज्यांना हिशेबाची गोडी लागेल, त्यांनी वाणिज्य शाखेकडे, सनदी लेखापालाच्या परीक्षेकडे अवश्य वळावे. आपल्या पेठेतील, आपल्या शेतातील माणसाला त्याच्याच भाषेत समजावून सांगणारा सल्लागार या तालुक्याला हवा आहे.

पालकहो, आपण मुलांसाठी जमीन ठेवतो, घर ठेवतो, जमल्यास दोन तोळे सोने ठेवतो. त्यांच्या शेजारी एक खरी, नीट लावलेली फाईलही ठेवा. तिला चोर लागत नाही, आणि अडचणीच्या दिवशी तीच आधी कामास येते.