शिल्पकारांचीं भित्तिपत्रकें

भित्तिपत्रक ही वस्तु जपण्यासाठीं जन्मास येत नाहीं. प्रदर्शन संपलें कीं तिचें काम संपलें. मग तिच्यावर दुसरें पत्रक चिकटावयाचें, नाहीं तर पावसानें तिच्या चिंध्या व्हावयाच्या. असें असतां कांहीं रसिक तीं गोळा करतात, आणि त्यांतहि शिल्पकारांचीं पत्रकें आवर्जून शोधतात. चित्र कागदावर सहज उतरतें. पण जें सभोंवार फिरून पाहावयाचें, तें सपाट कागदावर आणावें कसें?

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर (१८९८–१९७६) याचेंच उदाहरण घ्या. १९१९ सालीं यंत्रशास्त्राची पदवी घेतलेला हा गृहस्थ पुढें तारांना पत्र्याचे तुकडे टांगून, झुळकेसरशीं हलणारीं शिल्पें करूं लागला. १९३१ सालीं मार्सेल द्यूशाँ यानें त्याच्या हलत्या शिल्पांस ‘मोबाईल’ हें नांव दिलें. (हल्लीं या शब्दानें भलतीच वस्तु डोळ्यांपुढें येते!) पॅरिसमधील माग यांच्या कलादालनांत १९५० पासून त्याचीं प्रदर्शनें भरत. त्यांच्या पत्रकांवर शिल्पाचें छायाचित्र न देतां तो पुष्कळदां तांबडे, काळे, पिवळे सपाट आकार स्वतः काढून देई. शिल्पाचा तोल तेवढा कागदावर येई. वजन मागें राही.

अशीं पत्रकें शिळाछापाचीं असत. तेलकट शाई पाण्यास भीते, या साध्या गोष्टीवर ती कला उभी आहे. प्रत्येक रंगास निराळी शिळा किंवा जस्ताचा पत्रा लागतो. विकत घेतांना भिंग जवळ ठेवावें. रंगांत ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ती छायाचित्रावरून काढलेली नक्कल समजावी. शिळेचा कण अनियमित असतो. ऊन आणि चिकटपट्टी हे दोन्ही कागदाचे वैरी, हें निराळें सांगावयास नकोच.

अक्षरें छापण्यापूर्वीं, चांगल्या कागदावर काढलेल्या, सहीच्या आणि क्रमांकाच्या मोजक्या प्रतींना बाजारांत अधिक भाव येतो. माझें मत उलट आहे. पत्रकाचा जीव त्याच्या अक्षरांत असतो. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत ऑक्टोबर १९७६ मध्यें कॉल्डरच्या आयुष्यभराच्या कामाचें प्रदर्शन उघडलें, आणि तें चालू असतांनाच ११ नोव्हेंबरला तो वारला. त्या प्रदर्शनाच्या पत्रकावरील स्थळ आणि तारीख झांकून पाहा. मागें केवळ एक शोभेचें चित्र उरेल.

हें शहाणपण मला उशिरां आलें. माझ्या संग्रहांतील पहिल्या पत्रकाची, तांबड्या वर्तुळाच्या कागदाची, खालची अक्षरांची पट्टी चौकट बसवितांना कापली गेली. सन मीं कोठें टिपून ठेवला नव्हता. कारागिराकडे बोट दाखवावें, तर तेंहि जमत नाहीं. दिवाणखान्यांत तीं अक्षरें बरीं दिसणार नाहींत, असें त्याला मींच सांगितलें होतें.