तिकिटावर ब्रसेल्स, उतरलो शार्लरवाला

(या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' वगैरे थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. कारण एक व्हॉइस नोट. सांगलीची एक श्रोती इटलीत मास्टर्स करते. तिच्या बहिणीचं लग्न डिसेंबरमध्ये. तिने घरी यायचं तिकीट काढलंय ब्रसेल्सवरून, कारण तिथून स्वस्त मिळालं. आणि इटलीहून ब्रसेल्सला यायला १९ युरोची बजेट फ्लाइट. उतरणार रात्री १०:५० ला, आणि भारताचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३५ ला. तिचं म्हणणं, "दादा, मध्ये बारा तास आहेत, एअरपोर्टवरच बसून राहीन ना? बरोबर आहे ना प्लॅन?"

तर ताई, प्लॅनमध्ये एक भोक आहे. तुझी दोन विमानं दोन वेगळ्या एअरपोर्टवर आहेत.

हे मी हसत नाही सांगत, कारण हाच घोळ मी स्वतः घातलाय. मी बेल्जियममध्ये लुव्हनला दोन वर्षं शिकत होतो. पहिल्या हिवाळ्यात १५ युरोत तिकीट मिळालं म्हणून फिरून आलो, आणि परतीच्या तिकिटावर लिहिलेलं 'ब्रसेल्स साउथ'. मला वाटलं, वा, शहराच्या दक्षिण भागात असेल, जसं आपल्याकडे साउथ मुंबई. मेट्रो पकडायची आणि घरी.

आता जरा नीट ऐका, कारण खरी गंमत नावातच आहे. त्या एअरपोर्टचं पूर्ण नाव ब्रसेल्स साउथ शार्लरवा एअरपोर्ट. शार्लरवा हे वेगळंच शहर आहे, कोळसा आणि पोलादाचं जुनं शहर, वालोनियात, म्हणजे बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात. ब्रसेल्सपासून रस्त्याने साधारण ५५ किलोमीटर. म्हणजे पुण्याचं तिकीट काढावं आणि विमानाने लोणावळ्याच्या आसपास सोडावं, असं काहीसं. आणि ब्रसेल्स शहरात एक रेल्वे स्टेशन आहे, त्याचं फ्रेंच नाव मिडी, डच नाव झाउड. दोन्हींचा अर्थ दक्षिण! त्यामुळे इंग्रजीत तेही कधीकधी 'ब्रसेल्स साउथ' होतं. स्टेशन साउथ, एअरपोर्ट साउथ, आणि दोघांच्यात तासाभराचं अंतर.

तुझं भारताचं विमान सुटतं ते झाव्हेंटेमहून. तो मुख्य एअरपोर्ट, शहराच्या ईशान्येला, आणि टर्मिनलच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे.

तिकीट काढताना ओळखायचं कसं? शहराचं नाव सोडून द्या, तीन अक्षरी कोड बघा. झाव्हेंटेम म्हणजे बीआरयू. शार्लरवा म्हणजे सीआरएल. पॅरिसच्या स्वस्त तिकिटावर बीव्हीए दिसलं तर ते बोव्हे आहे, पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर. जर्मनीतलं फ्रांकफुर्ट-हान तर फ्रांकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर, तिथे रेल्वेच जात नाही, फक्त बस. पूर्वी तो अमेरिकन हवाई दलाचा तळ होता, त्यामुळे असल्या कोपऱ्यात आहे. आणि हे फक्त परदेशाचं आहे असं समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या एअरपोर्टचं उद्घाटन झालं, तेव्हापासून 'मुंबई' लिहिलेलं असलं तरी बीओएम की एनएमआय हे बघावं लागतं. अंधेरीत राहणारा माणूस उलव्याला उतरला की त्याला कळेल मी काय म्हणतोय ते.

मग एअरलाइन्स इतक्या लांब का उतरवतात? कारण छोट्या एअरपोर्टची फी कमी असते, गर्दी कमी, विमान झटपट भरून परत उडवता येतं. आणि त्या भागातल्या सरकारलाही रोजगार हवा असतो. शार्लरवाला रायनएअरने २००१ मध्ये तळ केला, तेव्हा वालोनियाने आणि एअरपोर्टने इतक्या सवलती दिल्या की युरोपियन कमिशनने २००४ मध्ये त्यातल्या काही बेकायदा ठरवल्या. मग २००८ मध्ये युरोपच्या कोर्टाने कमिशनचा तो निर्णयच रद्द केला. म्हणजे तुमचं १५ युरोचं तिकीट ही साधीसुधी गोष्ट नाही, त्याच्यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात! पण उरलेल्या ५५ किलोमीटरचा खर्च आणि वेळ तुमच्या खिशातून जातो, तो तिकिटावर छापलेला नसतो.

बरं, आता जायचं कसं. शार्लरवाहून ब्रसेल्सला सार्वजनिक वाहतुकीने दोन रस्ते आहेत.

पहिला सरळ. टर्मिनलच्या बाहेरून थेट बस, जी मिडी स्टेशनला सोडते. साधारण तास लागतो, मोटारवेवर ट्रॅफिक असेल तर जास्त. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

दुसरा तुकड्यांचा. टेक नावाच्या वालोनियाच्या सरकारी बसने शार्लरवाच्या रेल्वे स्टेशनला जायचं, अर्ध्या तासाच्या आत पोचता, आणि तिथून ब्रसेल्सची ट्रेन, साधारण तासभर. या स्टेशनचं नाव आता शार्लरवा-सेंट्रल आहे. जुन्या ब्लॉगवर शार्लरवा-सूद दिसेल, घाबरू नका, तेच आहे. बेल्जियन रेल्वेच्या ॲपमध्ये एअरपोर्ट निवडलात तर बस आणि ट्रेन मिळून एकच तिकीट निघतं. मला ट्रेनचा रस्ता आवडतो, कारण देशांतर्गत तिकिटाला ठराविक गाडी नसते. त्या दिवसाचं तिकीट, कुठलीही गाडी पकडा, आपल्या लोकलसारखं. विमान लेट झालं तरी तिकीट वाया जात नाही. फक्त ट्रेनमध्ये चढून टीसीकडे तिकीट मागू नका, जास्तीचे पैसे घेतात.

आणि ब्रसेल्समध्ये मुख्य स्टेशनं तीन: मिडी, सेंट्रल, नॉर्ड. ट्रेन तिन्हींवर थांबते. जुन्या शहरात जायचं असेल तर मिडीला उतरायची घाई करू नका, सेंट्रलपर्यंत बसून राहा. मिडीला बॅग सांभाळा, मोबाइल मागच्या खिशात नको. शहरात मेट्रोला वेगळं कार्ड लागत नाही, आपलं बँक कार्ड टॅप केलं की झालं.

आता माझी रात्र सांगतो. विमान चाळीस मिनिटं लेट. मी बसचं तिकीट काढलं नव्हतं, म्हटलं तिथे बघू. बाहेर आलो तर बससाठी ही लाइन! पहिली बस भरून गेली. डोळ्यांसमोर. दुसरी आली, त्यात कसाबसा बसलो, आणि मिडीला पोचलो तेव्हा लुव्हनची शेवटची ट्रेन गेलेली. थंडी अशी की नाक आहे की नाही कळेना. शेवटी इक्सेलमध्ये राहणाऱ्या एका नागपूरच्या मित्राला झोपेतून उठवलं. टॅक्सीला विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त पैसे गेले. त्याने दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "काय बे, बस नव्हती का?" अजून ऐकवतो.

पण मला सकाळी फक्त लेक्चर होतं, ते बुडालं तरी चाललं असतं. ताई, तुला लग्न आहे.

आणि तुझी दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली आहेत. म्हणजे पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही. तू वेळेत काउंटरवर नाहीस, विषय संपला. बेल्जियममध्ये संप हाही एक ऋतू आहे. देशभर संप असला की शार्लरवाची विमानं सरसकट रद्द झाल्याच्या बातम्या मी तिथे असताना आणि नंतरही वाचल्यात. त्यामुळे आजच तुझ्या तारखेच्या आसपास कुठला संप जाहीर झालाय का ते शोध, आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा बघ.

माझा सल्ला: रात्रीचं विमान सोड. तूच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दुपारी उतरणारं ४१ युरोचं दिसतंय. २२ युरो जास्त, मान्य. पण त्यात तुला बस चुकली तर ट्रेन आहे, ट्रेन चुकली तर पुढची आहे, आणि उजेड आहे. रात्री पावणेअकराला उतरून, बॅग घेऊन, मध्यरात्री मिडीबाहेर उभं राहण्यात २२ युरोची बचत कुठे राहते? संध्याकाळपर्यंत ब्रसेल्सला ये, रात्री मिडी किंवा सेंट्रलच्या जवळ हॉस्टेल घे, नाहीतर लुव्हन-ब्रसेल्सच्या मराठी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचार, कोणाकडे तरी गादी निघतेच. सकाळी ट्रेनने झाव्हेंटेम, मिडीहून साधारण वीस-पंचवीस मिनिटं. त्या एअरपोर्ट स्टेशनच्या तिकिटावर एक जादा आकार लागतो, त्याचं नाव डियाबोलो. नाव ऐकून दचकू नकोस, ॲपमधून तिकीट काढलंस की तो त्यात धरलेलाच असतो. साडेसातपर्यंत काउंटरला पोच.

आणि रात्रीचं तिकीट बदलता येतच नसेल तर? मग थेट बसचं तिकीट आजच काढ, विमान आणि बस यात किमान तासाचं अंतर ठेव, ब्रसेल्समधल्या रूमवाल्याला आधीच सांग की एक वाजतील, आणि शहर बस-ट्रेनच्या भरवशावर त्या वेळेला अजिबात राहू नकोस. तुझी मोठी बॅग १९ युरोत धरलेली आहे का, तेही बघून घे. लग्नाच्या साड्या आहेत त्यात, तूच म्हणालीस.

पोचलीस की ग्रुपवर टाक. बाकीच्यांनी आपापले किस्से पाठवा, बोव्हेवाले आणि बर्गामोवाले तर नक्की. पुढच्या रविवारी भेटू.